पुण्याचे सर

जुन्नरच्या आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानात सुदर्शनने सोळा जीबीची रॅम डबीतून काढून काउंटरच्या काचेवर ठेवली आणि मोहसीनपुढे सरकवली. सानिया नवऱ्याला खेटूनच उभी होती, पण तिच्यापुढे काही सरकवायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

“एकच टाका, मोहसीनभाऊ. बाकीचे स्लॉट मोकळे राहतील. पुढं लागली तर वाढवता येईल.”

सल्ला वाईट नव्हता, फक्त सानियाच्या कामाचा नव्हता. नव्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं; पडद्यावर चित्र हलवायचं कामही प्रोसेसर याच रॅमच्या जिवावर करणार होता. एकाच रॅमवर त्याला ये-जा करायला एकच वाट मिळते. आठ-आठच्या दोन योग्य जागी बसवल्या की दोन्ही वाटा खुल्या होतात. घरच्या जुन्या मशीनवर लग्नाचे व्हिडिओ जोडताना नवरी हार घालायला हात उचलायची आणि तशीच अडकून बसायची. सानिया त्याला पार विटली होती.

“आठच्या दोन द्या,” मोहसीन म्हणाला. सानियाने घरून पढवून आणलं होतं ते तेवढंच. “पुण्याचे सर तसं म्हणालेत.”

हे पुण्याचे सर म्हणजे निव्वळ थाप. शूटिंग मोहसीनचं, एडिटिंग सानियाचं. पण ‘पुण्याच्या सरांकडून करून आणतो’ म्हटलं की लग्नवाल्या पार्टीला भारी वाटतं, म्हणून तो एकदा बोलून गेला आणि ते गावभर झालं. आधी सानियाही हसली होती. मग निमगाव सावाच्या एका लग्नघराने सरांसाठी पेढे धाडले. ते तिनेच खाल्ले, आणि खाता खाता तिला नवऱ्याचा मनस्वी राग आला.

“दोन कशाला? सोळा ते सोळाच की,” सुदर्शन म्हणाला.

मोहसीनने सानियाकडे पाहिलं. दुकानात गप्प राहायचं, असं त्यानेच बजावलं होतं. तिने नजर रॅमच्या डबीकडे वळवली. होऊ दे म्हटलं याची फजिती.

“ते... स्पीडचं कायतरी हाय.”

“तुमचे सर व्हिडिओवाले, राव. मशीनचं त्यांना काय ठावं? नंबर द्या, मीच बोलतो.”

“सर कामात असतील,” मोहसीन घाईने म्हणाला. “ऱ्हाऊ द्या. एकच द्या.”

थाप वाचवायला तो तिच्या मशीनची वाट लावायला निघाला होता. सानियाने पदर सावरला.

“नंबर मी सांगते,” ती म्हणाली, आणि एकेक आकडा सावकाश सांगितला. मोहसीनने तिचा हात दाबला. तिने तो सोडवून घेतला.

सुदर्शनने फोन लावला. सानियाच्या पिशवीत रिंग वाजली. तिने फोन काढून कानाला लावला आणि काउंटरपलीकडे थेट सुदर्शनच्या डोळ्यांत पाहिलं.

“हं, बोला सुदर्शनभाऊ. आठच्या दोन. शेजारी-शेजारी लावू नका, एक स्लॉट सोडून लावा.”

मोहसीन रस्त्याकडे बघत राहिला. दुकानात बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जावं म्हणून तिने आवाज चढवला.

“आन् पुण्याहून नाय, जुन्नरातूनच बोलतेय.”