गोट्याचा डावा गुडघा

हे लिहू की नको करता करता राहूनच जाणार होतं. कारण यात सामना जिंकणं नाही की हरणं नाही. लंबूचा गुडघा आहे आणि गोट्याचा, बस.

लंबू सोळाचा. वर्षात असा वाढला की आई विचारायची, तुला पँट घ्यायची की पडदा? गेल्या मोसमात फुटबॉलच्या सामन्यात हेडर मारून खाली आला, गुडघा आतल्या बाजूला मुडपला, 'कट्' आवाज आला आणि लिगामेंट तुटलं. कुणी धक्काही दिला नव्हता. ऑपरेशननंतर टाक्यांच्या कडेची कातडी बधिर राहिली. चिमटा काढा, कळत नाही. बाकीचंही तसंच होऊन बसलं होतं. टीम जिंकली तरी ठीक, हरली तरी ठीक. डॉक्टर म्हणाले, आता उड्या मारायला हरकत नाही. तो मारत नव्हता.

कोचताईने तेव्हापासून नियमच केला. सरावाच्या शेवटी, पोरं दमलेली असताना, एकेकाने बाकावरून उडी मारायची आणि गुडघे वाकवून मांजरासारखं उतरायचं. लंबू समोर जमिनीवर बसून बघणार. ज्याचा गुडघा आत पडेल त्याने आधी पायात ताकद आणायची, मग सामना. पोरं लंबूला 'गुडघेसाहेब' म्हणायची.

शनिवारी मोठ्या क्लबची माणसं खेळाडू निवडायला येणार होती. आदल्या दिवशी गोट्याने उडी मारली आणि डावा गुडघा आत गेला. गोट्या म्हणजे लंबूचा पहिलीपासूनचा दोस्त. परत मारली. परत तेच. ताई पलीकडे बॉल गोळा करत होती.

"उद्यापुरतं गप्प बस ना यार," गोट्या हळूच म्हणाला. "नंतर सांगशील तेवढ्या उड्या मारतो."

लंबूला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नुसता तो 'कट्' आवाज आठवला.

"ताई," तो म्हणाला, "गोट्याचा डावा आत पडतोय."

ताईने स्वतः बघितलं आणि गोट्याला बाहेर बसवलं. गोट्या बॅग उचलून निघून गेला.

शनिवारी दोघं एकाच बाकावर, मधे पाण्याची बाटली. हाफटाइमला गोट्याने तोंड उघडलं. "बरं वाटलं असेल तुला. बसायला जोडीदार मिळाला."

"काहीच नाही वाटलं."

गोट्याने रागाने त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारली, नेमकी बधिर जागेवर. लंबू हलला नाही. अजून एक मारली, जोरात. मग गोट्याचं बोट तिथेच राहिलं.

"खरंच कळत नाही?"

"नाही."

गोट्याने बोट मागे घेतलं. मग म्हणाला, "आणि तू कधी मारणार उडी? का जन्मभर आमचेच गुडघे बघणार?"

लंबूने वाकून बाकाची उंची बघितली. फार नव्हती.

"उद्या," तो म्हणाला. "पहिली मी मारतो, समोर तू बस. आत पडला तर तोंडावर सांगायचं. आणि तुझा डावा सरळ येईपर्यंत मी रोज येईन. एक दिवस चुकवणार नाही."