चाखणाऱ्यांच्या घरची सुरई

मित्रांनो, मी एक जुनी काचेची सुरई आहे. पाण्याची नव्हे, वाइनची. तुम्ही लहान आहात, तेव्हा त्या पेयाच्या वाटेला आत्ताच जाऊ नका, आणि मोठे झाल्यावरही घाई करू नका. माझी गोष्ट ऐकायला मात्र हरकत नाही. ती वाइनची कमी आणि एका बापलेकीची जास्त आहे. आनंदाची गोष्ट हवी असेल तर शेजारच्या फळीवरच्या बरणीला विचारा. तिच्यात साखर असते.

माझा जन्म भट्टीत झाला. एका कारागिराने लांब नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेतला आणि गाल फुगवून त्यात फुंकर घातली. त्याने मला बसकं पोट दिलं आणि उंच, बारीक मान दिली. मान जराशी वाकडी झाली. मुकादम त्यावरून कुरकुरला, पण फोडून टाकण्याइतकी काही ती वाकडी नव्हती. तशीच मी गवतात गुंडाळून एका वाइनच्या व्यापाऱ्याकडे गेले.

त्या व्यापाऱ्याचं दुकान रस्त्यावर होतं, खाली तळघर होतं आणि मागच्या अंगाला चाखण्याची खोली होती. तिथल्या टेबलावर नेहमी पांढरंशुभ्र कापड असे आणि बाजूला थुंकायचं पितळी भांडं. अत्तर लावून आत यायला बंदी होती. या खोलीचे धनी म्हणजे आमचे चाखणारे. त्यांना सगळे याच नावाने हाक मारत, खुद्द व्यापारीसुद्धा. कोणती बाटली विकायच्या लायकीची, कोणती अजून पडून राहू द्यायची, कोणती वाया गेली, हे तेच ठरवत. दिवसभर चाखायचे आणि थुंकायचे, पोटात थेंब जात नसे. त्यांची बायको म्हणायची की आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य थुंकण्यात गेलं.

माझं काम सांगते. फ्रान्समधल्या बोर्डोची चांगली लाल वाइन वर्षानुवर्षं बाटलीत पडून राहते. तिच्या तळाशी काळपट गाळ बसतो. म्हणून बाटली आधी काही दिवस उभी ठेवायची, बूच हलक्या हाताने काढायचं, बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरायची आणि बारीक धार माझ्यात सोडायची. उजेडात गाळाची पहिली रेघ दिसली की थांबायचं. हात हलता कामा नये. तरुण वाइन माझ्यात कितीही वेळ ठेवा, तिला हवा मानवते, उलट ती सुधारते. म्हाताऱ्या वाइनचं तसं नाही. ती थोडा वेळ फुलते, अख्खी खोली भरून टाकते आणि मग तिच्यातला जीव जातो. म्हणून चाखणाऱ्यांचा एक कडक नियम होता. पिणारा आधी खुर्चीत बसला पाहिजे, मगच बाटली सुरईत रिकामी करायची. एकदा एका बड्या गिऱ्हाइकाची गाडी दारात दिसली तरी ते हात बांधून उभे राहिले होते. तो माणूस आत येऊन, कोट काढून बसला, तेव्हा कुठे त्यांनी मेणबत्ती पेटवली.

त्यांना एक मुलगी होती. नाक बसकं, म्हणून बाप तिला लाडाने नकटी म्हणायचा. आणि गंमत बघा, त्या बसक्या नाकाला जे कळे ते भल्याभल्यांच्या धारदार नाकांना कळत नसे. शाळा सुटली की ती चाखण्याच्या खोलीत यायची. बाप तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि नाकापुढे काहीबाही धरायचा. शिसपेन्सिलीचा कीस, जुन्या बुटाचं चामडं, भिजलेली पानं, तंबाखूचा रिकामा डबा. ती फटाफट ओळखायची. जाणती झाल्यावर त्यांनी तिला वाइनमध्ये हेच वास शोधायला शिकवलं. पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरायचा आणि कडेचा रंग बघायचा. वय झालेल्या वाइनची कड विटेच्या रंगावर जाते. मग पेला न हलवता वास घ्यायचा, मग हलवून. मग लहानसा घोट, तो जिभेवर फिरवायचा, तुरटपणा हिरड्यांना किती धरतो ते बघायचं. घोट थुंकून किंवा गिळून झाला की गप्प बसायचं, कारण चव मागे किती रेंगाळते त्यावरूनच वाइनची खरी लायकी कळते. आणि शेवटी, जे असेल तेच बोलायचं. व्यापारी रागावो की गिऱ्हाईक उठून जावो, वाइनबद्दल खोटं बोलायचं नाही.

नकटी जन्मली त्या वर्षीची एक बाटली त्यांनी तळघरात बाजूला ठेवली होती. ती दोघांनी मिळून उघडायची असं ठरलेलं होतं. नकटी बापाच्या शेजारी उभी राहून काम करू लागली तरी बाटली तशीच होती. अजून जरा पिकू दे, असं ते दरवेळी म्हणत.

मग एका हिवाळ्यात चाखणारे तापाने अंथरुणाला खिळले. बरे होऊन आले, नेहमीसारखी माझ्यात वाइन ओतली आणि माझ्या तोंडाशी नाक आणलं. पूर्वी असं केलं की त्यांचे डोळे आपोआप मिटत. त्या दिवशी ते उघडेच राहिले. मी घाबरले. त्यांनी पुन्हा वास घेतला, पुन्हा घेतला, आणि मग मला खाली ठेवून ते बराच वेळ पितळी भांड्याकडे बघत बसले. ताप गेला होता आणि जाताना त्यांचं नाक घेऊन गेला होता.

त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. रंग बघून, बाटलीवरच्या कागदावरचं साल वाचून आणि जुन्या आठवणींवर त्यांनी गाडा रेटला. नकटीला आधी बोलू द्यायचे आणि मग म्हणायचे, बरोबर. ती बिचारी खूश व्हायची की बाबा आता आपल्याला विचारतात. मी काचेची. पोटात एक आणि ओठात एक मला जमत नाही, पण माझे ओठ हलत नाहीत त्याला काय करणार?

एके दिवशी व्यापाऱ्याने मोठी गिऱ्हाइकं बोलावली होती. नकटी तळघरात गेली होती. चाखणाऱ्यांनी जुनी बोर्डो माझ्यात ओतली आणि ती आत येताक्षणी मला शिसारी आली. ओल्या पुठ्ठ्याचा वास होता तो. कधीकधी बूचच खराब निघतं आणि सगळी बाटली नासवतं. त्यात कुणाचा दोष नसतो. चाखणाऱ्याने फक्त सांगायचं, दुसरी बाटली उघडली जाते. चाखणाऱ्यांनी वास घेतला, मान डोलावली आणि उत्तम आहे म्हणून सगळ्यांचे पेले भरले. तेवढ्यात नकटी वर आली. तिने पेला उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"बाबा, हिला बुचाचा वास लागलाय," ती म्हणाली.

सगळे थांबले. चाखणाऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. बघू, असा एक शब्द ते म्हणाले असते तरी निभावलं असतं.

"तुझं नाक अजून कच्चं आहे," ते म्हणाले. "मोठी माणसं बसली असताना मध्ये बोलू नये."

त्यांच्या शब्दाला मान इतका की ती नासलेली वाइन सगळ्यांनी पिऊन संपवली. एकाने तर तारीफही केली. नकटी भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं, व्यापाऱ्याचा माल खपावा म्हणून बाप खोटं बोलला, आणि स्वतःचं खोटं झाकायला त्याने आपल्यालाच खोटं पाडलं. मंडळी गेल्यावर तिने तसं विचारलंही. चाखणारे मला पुसत राहिले. थोड्याच दिवसांत तिने दुसऱ्या शहरात नोकरी धरली.

त्यानंतर चाखणाऱ्यांनीही काम सोडलं. निरोपाच्या दिवशी व्यापाऱ्याने दोन गोड शब्द बोलून मला त्यांच्या हातात दिलं. दुसऱ्या हातात नकटीच्या सालाची बाटली होती. बाटली घराच्या जिन्याखालच्या अंधारात गेली आणि मी कपाटात.

एका सकाळी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या बाईंनी, दूध तापत ठेवलं आणि त्या मागच्या दारी कपडे वाळत घालायला गेल्या. चाखणारे शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसले होते. दूध उतू गेलं, करपलं, भांडं काळं झालं, तरी त्यांनी पान उलटलं नाही. धूर बघून बाई धावत आल्या. त्यांनी शेगडी बंद केली आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्हाला वास येत नाही," त्या म्हणाल्या.

सर्दी झालीय, असं त्यांनी सांगून पाहिलं. पण चाळीस वर्षांचा संसार केलेल्या बाईपुढे असली सर्दी टिकत नाही. शेवटी त्यांनी त्या तापाचं सगळं सांगितलं. बाई खुर्चीत बसल्या. म्हणजे पोरगी खरं बोलत होती, एवढंच त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता फोन करा. चाखणारे म्हणाले की फोनवर नको, समोर बसवून सांगीन, तिची बाटली उघडीन आणि सांगीन. तोवर तू बोलायचं नाहीस, अशी त्यांनी बायकोला शपथ घातली. मित्रांनो, ती शपथ बाईंनी मोडली असती तर बरं झालं असतं.

नकटी अधूनमधून यायची. जेवायची, आईशी बोलायची, बापाला तब्येत विचारायची आणि निघायची. ती गेली की बाई नवऱ्याकडे बघायच्या आणि ते म्हणायचे, पुढच्या वेळी नक्की. अशी वर्षं गेली. माझ्या पोटात धूळ बसली, एका कोळ्याने मानेत जाळं विणलं. चाखणाऱ्यांचे हात थरथर कापू लागले.

मग एकदा, नकटी रविवारी दुपारी जेवायला येणार असं कळलं, आणि त्या रविवारी सकाळी चाखणाऱ्यांनी मला कपाटातून काढलं. कोमट पाण्याने धुतलं, पुसलं, उजेडात धरून पुन्हा पुसलं. बाटली आधीच उभी करून ठेवलेली होती. आज ते सांगणार हे मला कळलं, आणि बाईंनाही कळलं. त्यांनी टेबलावर पांढरं कापड अंथरलं.

आणि इथे चाखणाऱ्यांनी आयुष्यभराचा नियम मोडला. नकटी आलेली नसताना त्यांनी मेणबत्ती पेटवली. ती येऊन बसू दे की, असं बाई म्हणाल्या.

"तिच्यादेखत हात कापला तर?"

"कापू द्या. पोटची पोर आहे ती."

त्यांनी ऐकलं नाही. दोन्ही हातांनी बाटली धरून, कोपर टेबलाला टेकवून, त्यांनी ती माझ्यात ओतली. थोडा गाळ आला, फार नाही. आणि काय वाइन होती ती, मित्रांनो! इतकी वर्षं मी हे काम केलं, पण अशी माझ्या पोटी कधी आली नव्हती. स्वयंपाकघरातून निघालेल्या बाई दारातच थबकल्या.

"काय वास सुटलाय हो," त्या म्हणाल्या.

"कसा?" चाखणाऱ्यांनी विचारलं.

बाईंना ती भाषा येत नव्हती. पिकलेल्या काळ्या फळांसारखा, त्या म्हणाल्या, आणि पाऊस थांबल्यावर झाडाखाली येतो तसा, आणि पोरीच्या शाळेच्या दप्तरात यायचा तसा. चाखणारे मान खाली घालून ऐकत राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. नकटीची बस वाटेत बंद पडली होती. दुसरी कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं.

चाखणाऱ्यांनी माझ्या तोंडावर बशी ठेवली. मला उचलून खिडकीतल्या गारव्यात नेलं. त्याचा काही उपयोग नव्हता, आणि हे त्यांच्याहून चांगलं कुणाला ठाऊक होतं? आधी फळांचा वास गेला. मग दप्तराचा. भिजल्या पानांचा थोडा वेळ राहिला, मग तोही गेला आणि मागे आंबूस पाणी उरलं. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं. बाईंनी जेवण दोनदा गरम केलं. ज्या वाइनने इतकी वर्षं अंधारात दम धरला ती माझ्या पोटात मेली, आणि मला काही करता आलं नाही.

दिवे लागायच्या सुमारास नकटी आली. हातपाय धुऊन टेबलाशी बसली. मला बघून आणि रिकाम्या बाटलीवरचं साल वाचून तिला सगळं कळलं. चाखणाऱ्यांनी कापत्या हाताने तिचा पेला भरला. आता त्यांनी हात लपवला नाही. तिने पेला पांढऱ्या कापडावर तिरपा केला, नाकाशी नेला आणि आईकडे पाहिलं. आईने नजर वळवली. छान आहे, एवढं म्हटलं की काम भागत होतं. नकटीने घोट घेतला, जिभेवर फिरवला, गिळला आणि ती गप्प बसली.

"कशी आहे?" बापाने विचारलं.

तिने पेला खाली ठेवला. "गेलीय, बाबा."

आता हे पुन्हा तेच बोलतात की काय, या भीतीने मी गार पडले. चाखणाऱ्यांनी आपला पेला उचलला, वास घेतला, पुष्कळ वेळ घेतला. डोळे उघडेच होते.

"तू म्हणतेस ना, मग गेली असणार," ते म्हणाले. "मला नाही कळत. त्या तापापासून कसलाच वास येत नाही. त्या दिवशीही आला नव्हता. तू खरं बोलली होतीस."

नकटीचे डोळे भरून आले.

"इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

"चाखणाऱ्याचं नाक गेलं, हे कुणाला सांगायचं?"

"मला," ती म्हणाली.

बाई पदराने डोळे पुसत जेवण वाढायला उठल्या. नकटी खुर्ची सरकवून बापाच्या शेजारी गेली आणि तिने त्यांचा कापणारा हात आपल्या हातात धरून ठेवला. त्यानंतर ती दर रविवारी यायची. एखादी साधी बाटली आणायची, माझ्यात ओतायची आणि कशाकशाचा वास येतो ते बापाला सावकाश सांगायची. ते डोळे मिटून ऐकायचे. पण असे रविवार फार आले नाहीत. थंडी पडली आणि चाखणारे गेले.

मित्रांनो, मला वापरून झाल्यावर कोमट पाण्याने धुवा, उलटी ठेवून वाळवा, एवढीच माझी स्वतःसाठी मागणी आहे. दुसरी मागणी तुमच्यासाठी आहे. घरात कुणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर त्यासाठी चांगला दिवस आणि न कापणारा हात शोधत बसू नका. त्या दुपारी माझ्यात होती तशी वाइन मी पुन्हा पाहिली नाही. ती त्या दोघांसाठी ठेवली होती आणि चाखली मात्र मी एकटीने.