एकाच पायाची देवी

गंगारामाच्या तरव्यात देवीची पावलं उठली, आणि कातळवाडीत त्या दिवशी एकाही चुलीवर भात वेळेवर शिजला नाही.

लावणीला अजून अवकाश होता. तरव्यातली भाताची रोपं पिवळट, मलूल उभी होती. त्या पिवळ्या रोपांत हातभर लांबीची, बोटंसुद्धा मोजून घ्यावीत अशी गर्द हिरवी पावलं बांधापासून पार माडापर्यंत गेलेली. बांधावर उभं राहायला जागा नव्हती. कुणी नारळ आणला, कुणी कोंबडा. नारळ फुटताना सगळ्यांनी पाहिला. कोंबड्याचं पुढं काय झालं ते महाराजांनाच ठाऊक.

"अगो मथुरा, बगतेस काय नुसती? हात जोड!" शेजारची काशी म्हणाली. "म्हाराज बोललेच हुते, देवी चालून येईल म्हणून. आली का नाय?"

मथुरेच्या कडेवर आठ महिन्यांचा विठू होता. एकच हात मोकळा, तो तिनं कपाळाला लावला. विठूनं मात्र देवीकडं पाठ करून आईच्या कानातली बुगडी ओढायला घेतली.

हे पाऊलमहाराज घाटावरून आले होते आणि देवळात उतरले होते. अंगाला भस्म, गळ्यात कवड्या आणि जिभेला हाड नाही.

"शेण!" ते ओरडत. "अरे, देवीच्या वाटेत जनावराची घाण टाकता आणि वर तिच्याकडं भात मागता? भाजावळ करता! राबाचा पालापाचोळा पेटवून धरणीमातेची पाठ भाजता! तुमच्या पाठीवर कुणी निखारे ठेवले तर द्याल का भात? त्यापरीस शेतात टाका हा प्रसाद. शेण नको, राब नको. आणि शेण नको तर गुरं तरी कशाला? ती देवीला अर्पण करा!"

देवी गुरं कशी नेणार, ही काळजी कुणाला करावी लागत नसे. महाराजांचा एक शिष्य घाटावरून येई आणि दावी धरून निघून जाई.

मथुरेचा सासरा रावजी पावलं बघून घरी आला तो विरघळूनच. येत्या अवसेला कपिला गाय महाराजांना द्यायची, असा शब्द तो बांधावरच देऊन आला होता. बदल्यात प्रसादाची एक पुडी आगाऊ मिळाली होती.

मथुरा गोठ्याच्या दारात तशीच उभी राहिली. वैशाखात ती तापानं पडली तेव्हा तिचं दूध आटलं. तेव्हापासून विठू जगत होता तो कपिलेवर. सकाळी धार काढताना तो मांडीवर बसून भांड्यातल्या आवाजाकडं कान देई, आणि फेस वर आला की टाळ्या पिटी. नवरा आत्माराम मुंबईला गोदीत. सासऱ्याशी समोरासमोर वाद घालायची सुनेची रीत नव्हती.

पण दुसरी एक रीत होती. सासुरवाशिणीला जे वडीलधाऱ्यांना सांगता येत नाही, ते ती मांडीवरच्या पोराला सांगते. मोठ्यानं.

"विठू रे," ती म्हणाली, "गाय गेली की तू काय पिणार? देवीचा प्रसाद पिशील?"

"देवी काळजी घेईल त्याची," रावजी ओटीवरून म्हणाला आणि पान जुळवायला बसला.

पुडी त्यानं पानाच्या डब्यात ठेवली होती. घरात त्याला त्याहून पवित्र जागा माहीत नव्हती. रात्रभर कोकणातला दमट वारा. सकाळी डबा उघडला आणि तो दचकून मागं सरला.

"सूनबाय! पोरानं माज्या पानाच्या डब्यात मुतलान गो!"

विठू पाळण्यात कोरडा ठणठणीत होता. मथुरेनं डबा नाकाशी नेला. हा वास तिला कुणी शिकवायला नको होता. पावसाळ्यात दुपटी वाळत नाहीत. कोपऱ्यात ढीग साचतो, आणि दुसऱ्या दिवशी तो उचलताना डोळ्यांत पाणी आणणारा वास सुटतो, तोच हा. पुडी फुटून प्रसाद चुन्यावर सांडला होता. वरचे कोरडे दाणे मात्र साखरेसारखे पांढरे, बिनवासाचे.

तिनं तळहातावर चिमूटभर प्रसाद घेतला, ओल्या चुन्यात चोळला. डोळे चुरचुरले.

आणि तिला मागच्या दारची पायरी आठवली. तिथं ती रोज दुपटी पिळायची. अंगणातलं सगळं गवत फिकट, पायरीजवळचा पट्टा तेवढा काळाभोर हिरवा. म्हणजे देवी तिथंही रोज येत होती, विठूच्या कृपेनं!

मथुरेचं माहेर चिपळूणचं. बाजारात बापाचं दुकान. बाळंतपणाला गेली होती तेव्हा दुकानात असल्याच पांढऱ्या मिठाची गोण आली होती. विलायती खत म्हणे. कुणी घेईना म्हणून कोपऱ्यात पडून होती.

दुपारी बांधावर कुणी नसताना ती पुन्हा पावलं बघायला गेली. दर भादव्यात दारापासून देवघरापर्यंत गौरीची पावलं तिनं तांदळाच्या पिठानं काढली होती. उजवं, डावं, उजवं, डावं. इथं पहिलं उजवं. दुसरं उजवं. माडापर्यंत सगळी उजवीच.

मथुरा बांधावर एकटीच हसली. मग घरी येऊन तिनं पोफळीच्या झावळीच्या बुडाची एक रुंद विरी घेतली आणि विळीवर धरून त्या जाड सालीत मधोमध एक आकार कापला.

अवस आली. महाराज वाजतगाजत अंगणात आले, मागं अर्धी वाडी. शिष्यानं दाव्याला हात घातला. कपिला हंबरली, आणि तिचं ऐकून विठूनं भोकाड पसरलं.

"विठू, रडू नको रे," मथुरा डोईवरचा पदर सावरून म्हणाली. "आधी म्हाराजांना सांग, देवी आपल्या तरव्यातपन आली. मागच्या दारी."

"आलीच पाहिजे!" महाराज गरजले. "रावजीची भक्तीच तशी! चला, दर्शन घेऊ!"

सगळे मागं धावले. पिवळ्या रोपांत हिरवीगार, दांड्यासकट, एक भलीमोठी पळी उठली होती.

पुढची माणसं वाकून बघू लागली.

"पळी?" काशी म्हणाली. "देवी सैपाक टाकून आली काय गो?"

"विठू," मथुरा म्हणाली, "सांग त्यांना. आईनं विरीत पळी कापली, ती रोपांवर धरली आणि वरनं प्रसाद भुरभुरला. चिमूटभर प्रसाद आजोबांच्या चुन्यात कालवला तर कसला वास येतो, तेबी दाखव."

डबा हातोहात फिरला. ज्या बायांनी पोरं वाढवली होती त्यांना दुसऱ्यांदा हुंगावं लागलं नाही.

"आणि विठू, त्यांना इचार, गंगारामभावजींच्या तरव्यात देवीचं डावं पाऊल का नाय?"

दोन पोरं धावत गेली आणि तशीच ओरडत आली, "सगळी उजवीच! सगळी उजवीच!"

"म्हाराज," काशीनं कमरेवर हात ठेवले, "देवी लंगडी घालत आली हुती?"

हसण्याची एकच लाट उठली. महाराजांनी हात उंचावला. "मूढांनो! देवीचं डावं पाऊल पाताळात असतं! ते अदृश्य आहे!"

रावजी पुढं झाला. सुनेकडं त्यानं पाहिलं नाही. पाहिलं ते विठूकडं, त्याच्या ओल्या गालांकडं. मग शिष्याच्या हातातलं दावं त्यानं शांतपणे सोडवून घेतलं.

"मग म्हाराज, आमची गायपन तशीच न्या," तो म्हणाला. "अदृश्य."

सांज व्हायच्या आत महाराज स्वतःच अदृश्य झाले. देवळामागं रॉकेलच्या डब्याचा एक पत्रा सापडला, त्यात हातभर लांबीचं पाऊल कापलेलं. एकच. दुसरं कापायचा आळस त्यांना भोवला.

पण गोष्ट इथं संपत नाही. दुसऱ्याच दिवशी रावजी म्हणाला, "पन सूनबाय, रोपा हिरवी झाली ती झालीच की! मग त्या मिठानं सगळाच शेत हिरवा करूया!" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच तर फसवणूक इतकी सोपी झाली होती. ते मीठ खरं होतं, खोटा होता तो देव्हारा. मथुरेनं बापाला विचारून घेतलं: शेणखत घालून, वर बेताचंच टाकायचं. रावजीनं तसं केलं. गंगारामाची गुरं घाटावर गेली होती. शेण नाही, राब नाही. गुरांच्या बदल्यात मिळालेला होता नव्हता तेवढा प्रसाद त्यानं ओतला. भात माणसाच्या छातीला लागला, वाडी बघत राहिली, आणि दाणा भरायच्या वेळी सगळं शेत आडवं झालं. मळणीला निघाला तो पेंढा आणि दाणा न भरलेला पोल. गंगाराम खळ्यात बसून राहिला. त्याला कुणी हसलं नाही.

बायांनो, बाप्यांनो, जमिनीला भूक असते, आणि ती शेणानं भागते, पाल्यानं भागते, त्या पांढऱ्या मिठानंही थोडी भागते. त्यात मंत्र नाही. नवं खत येईल, नवं बी येईल, ते जरूर घ्या. पण आणणाऱ्याला विचारा, हे आहे काय, किती टाकायचं, आणि पुढल्या साली जमिनीचं काय होईल? जो सांगेल तो आपला. जो म्हणेल 'विचारू नको, हात जोड', त्याच्यापासून आधी गोठ्याचं दार लावून घ्या.

त्याच साली भादव्यात, भात अजून शेतात उभा असताना, मथुरेनं गौरीची पावलं काढली. विठू रांगत मागून आला आणि त्यानं दोन पुसून टाकली. रावजी ओटीवरून उठला, वाकून एकेक पाऊल निरखत देवघरापर्यंत गेला.

"काय बगताय, मामंजी?"

"काय नाय," रावजी म्हणाला. "डावी हायत ना, त्येवढा बगतंय."