दवाखान्याच्या भिंतीवरचा गुरू

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. तक्ता म्हटले की तुमच्या कपाळावर आठ्या पडतात हे मला ठाऊक आहे, कारण तुम्हाला लगेच पाढे आणि हाडांचे सापळे आठवतात. माझ्यावर तसले काही नाही. माझ्यावर गुरू ग्रह आहे. सगळ्या ग्रहांत थोराड असलेला, अंगावर तांबूस आणि पांढरे पट्टे ओढलेला, आणि पोटावर एक मोठा लाल डाग मिरवणारा. मी दिसायला बरा आहे. आपल्या तोंडाने सांगू नये, पण दुसरे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. शाळेसाठी सगळ्या ग्रहांचे तक्ते छापायचे होते. आम्ही भावंडे एकामागून एक यंत्रातून बाहेर पडलो आणि वाळायला दोरीवर बसलो. गठ्ठा बांधताना माझा एक कोपरा दुमडला गेला. दुमडलेला तक्ता शाळा घेणार नाही, म्हणून मला बाजूला काढून माझ्या जागी दुसरा गुरू छापला. भावंडे शाळेत गेली आणि मी कागदांच्या रिळांमागे धूळ खात पडलो. माझ्यावर चहाचा कप ठेवण्यापर्यंत लोकांची मजल गेली होती.

पुढे छापखान्याच्या मालकांच्या डोळ्यांवर उपचार झाले. डॉक्टरीणबाईंना काय भेट द्यावी याचा त्यांनी बराच विचार केला आणि मला गुंडाळून घेऊन गेले. "याच्या पोटावर डोळा आहे बघा. डोळ्यांच्या दवाखान्यात शोभेल," असे ते म्हणाले. बाई हसल्या. त्यांनी मला चौकटीत बसवले आणि बाहेरच्या खोलीत, रुग्ण बसतात त्या लांब बाकाच्या समोर टांगले.

मला वाटले, चला, नशीब उघडले. पण कसचे काय. येणारा माणूस आधी खिडकीशी नाव सांगे, मग आपला नंबर कधी लागतो याकडे डोळे लावून बसे. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. एकदा एका बाईंनी माझ्या चौकटीला ओली छत्री अडकवली. मी गप्प राहिलो, कारण तक्त्यापाशी दुसरा इलाज नसतो.

दवाखान्यात एक मावशी आहेत. रुग्णांच्या डोळ्यांत थेंब टाकणे हे त्यांचे काम. त्या थेंबांनी डोळ्याची बाहुली मोठी होते आणि डॉक्टरीणबाईंना आतपर्यंत पाहता येते. पण तोवर माणसाला चष्मा काढून बाकावर बसून राहावे लागते. समोरचे सगळे धूसर आणि चकचकीत दिसते. वाचता येत नाही, फोन पाहता येत नाही. अशा माणसाचा वेळ जाता जात नाही, आणि मग तो मावशींचे डोके खातो.

एक ट्रकचालक असाच वैतागला होता. "अजून किती वेळ, मावशी?"

"बाहुली मोठी होईपर्यंत. समोर बघत बसा."

"समोर काय बघू? धड काही दिसत नाही."

"मग अर्धवट काय दिसतंय ते सांगा," मावशी म्हणाल्या.

ट्रकचालकाने माझ्याकडे पाहिले. नीट पाहिले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझ्याकडे इतका वेळ पाहत होते. "धुक्यात एकच दिवा पेटलेला ट्रक येतोय," तो हळूच म्हणाला. "कधीचा येतोय. पण जवळ काही येत नाही. आत कोण आहे कुणास ठाऊक." मग त्याने त्या ट्रकची सगळी गोष्ट सांगितली. मावशींनी ती जुन्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर उतरवली आणि माझ्या चौकटीशेजारच्या फळीला टाचणीने लावली.

त्या दिवसापासून दवाखान्यात एक रीतच पडली. ज्याच्या डोळ्यांत थेंब पडले आहेत त्याने माझ्याकडे पाहून गोष्ट किंवा कविता रचायची, मावशींनी लिहायची, आणि ज्याला अजून थेंब पडले नाहीत त्याने आधीची एखादी मोठ्याने वाचून दाखवायची. कुणाला माझ्यात विहीर दिसली, कुणाला झोपलेले मांजर. एका आजोबांनी माझ्यावर लग्नाची मागणी घालणारी कविता केली. त्यांच्या शेजारी आजी बसल्या होत्या. आजींनी विचारले, "माझ्यावर का नाही केलीत अशी?" आजोबा म्हणाले, "तू स्पष्ट दिसतेस."

या सगळ्यांत पट्टीचे दोघे होते. एक शिंपीकाका. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, सुईत दोरा ओवता येईना म्हणून दुकान बंद करून बसलेले. त्यांना माझ्यात एका राक्षसाच्या कोटाचे बटण दिसे. ते तुटून आभाळात लोंबत होते, आणि शिंपी शिडी लावून ते शिवायला वर चढत होता. प्रत्येक खेपेला तो थोडा आणखी वर चढे.

दुसरी भिंगरी. हे तिचे खरे नाव नव्हे, पण ती जागेवर बसेना म्हणून मावशींनी ठेवलेले. शाळेतली मुलगी. तिच्या डोळ्यांत लहानपणीच मोतीबिंदू वाढला होता. तिला थेंबांची गरज नव्हती, तिला जग नेहमीच धूसर दिसे. आई कपडे धुण्या-इस्त्रीच्या दुकानात कामाला होती. ती लांब बाह्यांचा झगा घालून घाईघाईने येई आणि बाकावर टेकताच डुलकी काढी. भिंगरी माझ्यासमोर उभी राहून बोलू लागे.

"इथे पट्टे पट्टे आहेत ना, ते रस्ते आहेत," ती सांगे. "तिथली सगळी माणसं पुसट असतात. म्हणून ती एकमेकांना आवाजावरून ओळखतात. कुणीच कुणाला 'तू आंधळी आहेस का' असं म्हणत नाही. आणि ते लाल तळं आहे. त्यात एक नावाडीण आहे. ती सगळ्यांना पलीकडे सोडते आणि मग एकटीच परत येते."

मित्रांनो, ते ऐकताना माझा दुमडलेला कोपरासुद्धा ताठ होत असे. शाळेत गेलेल्या माझ्या भावंडांना कुणी अशी माणसे दिली असतील असे मला वाटत नाही.

मग शिंपीकाकांचा मोतीबिंदू काढला. नवा चष्मा लावून ते बाहेर आले, बाकावरच्या सगळ्यांकडे पाहून हसले, आणि मग वळून माझ्याकडे पाहिले. त्यांचे तोंड उतरले.

"हात्तिच्या! एवढंच होय? हा तर नुसता पट्ट्यापट्ट्यांचा गोळा."

मावशींनी कागद पुढे केला, पण त्यांनी हात हलवला. "आता कसली गोष्ट? बटण गेलं," असे म्हणून ते निघून गेले. मला फार लागले ते बोलणे. पण माझ्यापेक्षा जास्त ते दुसऱ्या एकीला लागले होते. भिंगरी बाकाच्या टोकाशी उभी राहून सगळे ऐकत होती.

तिच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरलेला होता. त्या दिवशी ती आली ती बाकाच्या पायाला मिठी मारून बसली. आईने समजावले, दटावले, पाया पडायची वेळ आली. भिंगरी हलेना.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या. "दुखणार नाही गं. तुला झोप लागेल."

"दुखलं तर चालेल," भिंगरी म्हणाली. "मला नीट दिसायला नको. नीट दिसलं की माझी माणसं जातील. शिंपीकाकांचं बटण गेलं तसं."

बाईंनी आईला बाजूला घेतले. "जबरदस्तीनं आत नेता येईल, पण नंतर ती डोळा वापरणारच नाही. आणि फार थांबताही येणार नाही. पाहायला शिकायचं एक वय असतं. ते उलटून गेलं की भिंग बदलूनही डोळा शिकत नाही." आईने मान हलवली. तिचा चेहरा पाहवत नव्हता.

खरे सांगू का, मित्रांनो? माझ्या मनात दोन्ही गोष्टी होत्या. या पोरीला नीट दिसावे असे मला मनापासून वाटत होते. आणि तिने मला नीट पाहू नये असेही वाटत होते. इतके लाडाने माझ्याकडे दुसऱ्या कुणी पाहिले नव्हते. तीही 'एवढंच होय?' म्हणाली असती, तर पुन्हा त्या रिळांमागे जाऊन पडावे असे मला वाटले असते.

मावशी मात्र गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचला नाही इतकेच. शिंपीकाकांचे दुकान कोपऱ्यावरच होते. त्या गेल्या आणि त्यांना गळ्यातल्या मोजपट्टीसकट घेऊन आल्या.

"तुमच्या एका वाक्यानं पोर अडून बसलीय. आता तुम्हीच निस्तरा."

शिंपीकाका ओशाळले. "अहो, पण मी काय सांगू? मला आता सगळं जसंच्या तसं दिसतं."

"मग जसंच्या तसं काय दिसतंय ते सांगा."

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मग नाक माझ्या काचेला टेकेल इतके ते पुढे आले. एखादा जुना कोट उलटा करून आतली शिवण तपासावी तसे ते मला तपासू लागले. मला गुदगुल्या झाल्या.

"अरेच्चा," ते पुटपुटले. "हे जोडकाम आहे की."

"काय?" भिंगरीने बाकाच्या पायाशी बसूनच विचारले.

"हे दोन पट्टे जिथं जोडलेत ना, तिथं शिवण सरळ नाही. बारीक बारीक चुण्या पडल्यात. एका पट्ट्याचं कापड जास्त होतं, दुसऱ्याचं कमी. कापून टाकायचं, तर तसं केलं नाही. जीव धजला नसेल. चुण्या घालून सगळंच्या सगळं बसवलंय."

"कुणी बसवलं?"

"ते अजून मलाही ठाऊक नाही. आत्ता तर दिसलंय."

भिंगरीने बाकाचा पाय सोडला. ती माझ्याजवळ आली आणि तिनेही काचेला नाक लावले. "कुठायत चुण्या?"

"ही काय, इथे. माझ्या बोटाखाली."

"मला नुसतं पिवळं दिसतंय."

"मलाही तसंच दिसायचं गं." काका खाली वाकले. "बटण गेलं ते खरंय. वाईट वाटलं मला, म्हणून तर चिडून तसं बोललो. पण मी लांबूनच बघितलं आणि घरी गेलो. चूक माझी होती, चित्राची नव्हे."

"आणि माझी नावाडीण? तीही जाईल?"

"जाते कशी?" मावशी म्हणाल्या. "टाचणी मारून बसवलीय मी तिला. लिहून ठेवलेलं माणूस कुठे जात नाही."

भिंगरी आईचा हात धरून स्वतःच आतल्या दाराकडे गेली. दारातून वळून तिने काकांना बजावले, "चुण्यांची गोष्ट मी येईपर्यंत पुढे सांगायची नाही."

मध्ये काही आठवडे गेले. दोन्ही डोळे झाले, जखमा भरल्या, चष्मा तयार झाला. ज्या दिवशी तो मिळणार होता त्या दिवशी मावशींनी सकाळीच माझी काच ओल्या फडक्याने पुसली. मी शक्य तितका ताठ लटकत होतो. आतले दार उघडले आणि भिंगरी बाहेर आली. मी वाट पाहू लागलो.

तिने माझ्याकडे पाहिलेच नाही. ती बाकावर बसलेल्या आईकडे पाहत होती. आई उठली, चष्मा तिच्या नाकावर नीट बसवायला तिने हात पुढे केला, तशी झग्याची बाही मागे सरकली.

"आई, हे काय आहे?"

आईच्या मनगटापासून वरपर्यंत एक तांबडा, चकचकीत डाग होता.

"काही नाही गं. इस्त्रीचा चटका. जुना आहे."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुला दिसत नव्हतं ना," आई म्हणाली. "म्हटलं, बरंच आहे."

भिंगरीने त्या डागावर बोट फिरवले. मग ती माझ्याकडे आली. तिने मला लांबून पाहिले, मग जवळून पाहिले, चुण्या पाहिल्या, आणि माझ्या लाल डागासमोर किती तरी वेळ उभी राहिली. मला धडधड असती तर ती सगळ्या खोलीला ऐकू गेली असती. पण ती 'एवढंच होय' म्हणाली नाही. तिने मावशींकडून कागद मागून घेतला आणि बाकावर बसून, जीभ दातांत धरून, स्वतःच्या हाताने लिहिले. बाकावर थेंब घातलेली माणसे डोळे किलकिले करून बसली होती. रुग्णांत वाचायला नीट दिसणारी तीच एक होती. तिने उभे राहून वाचले :

सगळे म्हणतात डोळा आहे,
मी जवळून पाहिला.
हा तर जुना चटका, यानं
कुणालाच नाही दाखवला.

एवढा मोठा ग्रह, पण
फुंकर घालायला कुणी नाही.
मी रोज येईन म्हणते,
तशी मला घाई नाही.

आईने बाही खाली ओढायला हात नेला होता, तो तिथेच थांबला. तिने बाही तशीच वर राहू दिली.

मित्रांनो, आता माझे रंग फिके पडत चालले आहेत आणि उन्हाने माझा एक पट्टा जवळजवळ गेलाच आहे. मला त्याचे फारसे दुःख नाही. माझी एकच विनंती आहे. भिंतीवरच्या चित्राला 'एवढंच होय' म्हणण्याआधी एक पाऊल पुढे या. आणि घरी गेलात की, जी माणसे रोज समोर असतात म्हणून तुमच्याकडून पाहायची राहून गेली आहेत, त्यांच्याकडेही एकदा तसेच जवळ जाऊन पाहा. कुठे चटका दिसला तर काही विचारू नका. आधी फुंकर घाला.