कोलूचं नाव

श्रीहरीने १९३८ चं कोतवाल बुक, गावोगावच्या जन्म-मृत्यूंची वही, दोन्ही हातांवर उचलून टेबलावर ठेवलं, ओळखीचं पान काढलं आणि थांबला. चष्मा काढून पुसला, परत लावला. जन्माची तारीख होती. 'मुलगा' होतं. 'जात माडिया' होतं. बापाच्या नावाच्या, 'कोलू'च्या जागी मात्र बोटाएवढं भोक होतं, आणि त्यातून खालच्या पानावरचा कुणाचा तरी मृत्यू दिसत होता.

रेकॉर्ड रूमच्या खिडकीपलीकडे रीना उभी होती. भामरागडहून दोन बस बदलून आलेली, हातात नर्सिंगच्या प्रवेशाचा कागद. मागे बाकावर तिची आत्या नीलाबाई.

"सापडलं का, भाऊ?"

"पाहून राह्यलो."

पान त्याला पाठ होतं. कोलूच्या वंशातल्या तेरा जणांनी याच नोंदीवरून जातीचे दाखले काढले होते. नक्कल हवी असायचीच, पण त्याआधी नाव पाहायचं असायचं. पाहायचं म्हणजे नावावर बोट ठेवायचं आणि ते कपाळाला लावायचं. पहिली नीलाबाईच. "आजाचा फोटो नाई, भाऊ. नाव तेवढं इथी आहे," म्हणाली होती. श्रीहरीने वही पुढे सरकवली होती, आणि तेव्हापासून येईल त्या प्रत्येकापुढे.

श्रीहरीच्या आधी या खुर्चीवर असलेला केवळराम वही कुणाच्या हाती देत नसे. दुपारी एकला खिडकी बंद करायचा आणि आत बसून पानं सांधायचा. लोक त्याच्या नावाने बोटं मोडत. श्रीहरी आला आणि खिडकी पाचपर्यंत उघडी राहू लागली. एवढ्या लांबून आलेल्याला परत कसं पाठवायचं? लोक देवमाणूस म्हणत, आणि ते ऐकायला तो कान जरा पुढेच करी. पानं सांधायच्या पातळ कागदाची गुंडाळी तीन वर्षं कपाटावर होती, प्लास्टिकसकट. 'उद्यापासून दुपारी बंद' अशी पाटीही त्याने रंगवून घेतली होती. तीही कपाटावरच.

"जात पडताळणीवाले उद्या येतेत, मूळ पान पाहाले," रीना म्हणाली. "कोणी तक्रार केली म्हणते. आता आमच्या सगळ्याइचेच दाखले पाहातेत."

"सगळ्याइचे?"

"दादाच्या नोकरीचा बी."

श्रीहरीचा हात पेनाकडे गेला. कोलू. दोनच अक्षरं. पण शाई टेकायला खाली कागद तर हवा. त्याने नकलेचा कोरा फॉर्म ओढला, बापाच्या नावापुढे 'पान झिजल्याने वाचता येत नाही' असं लिहिलं, सही केली आणि फॉर्म पालथा ठेवला.

नीलाबाई उठून खिडकीशी आली.

"भाऊ असले का काम होतेच," ती भाचीला म्हणाली. मग त्याला, "पोरगी पहिल्यांदा आली, भाऊ. तिले बी दाखवा ना आजाचं नाव."

"राहू द्या, बाई. आज नको."

"काऊन? मले काऊन दाखवलं मंग?"

त्याने वही फिरवून पुढे केली.

नीलाबाईला वाचता येत नव्हतं, आताशा नीट दिसतही नव्हतं. पण जागा ठाऊक होती. वरून चौथी ओळ. तिने रीनाचं बोट धरून ओळी मोजल्या. "इथी."

रीनाने पाहिलं. भोकाकडे, मग श्रीहरीकडे. त्याने मान खाली घातली.

"दिसलं का वो?" नीलाबाईने विचारलं.

"दिसलं, आत्या."

रीनाने बोट तिथे टेकवलं, आणि कपाळाला लावलं.