धुतलेला चूड

गोजरबाईंनी भाताच्या पिवळ्या पडलेल्या रोपांचा अख्खा चूड मुळासकट उपटून आणला, पितळेच्या ताटलीत ठेवला आणि ओटीवर बसलेल्या राजसीपुढे सरकवला. राजसी खरवई गावाची नवी कृषी सहायक. नोकरीला जेमतेम चार महिने झालेले, पण खोड अशी, की कारण कळल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

गोजरबाईंचा मुलगा सुजित युरियाची गोणी बांधावर टाकूनच आला होता. "मॅडम, फायनल बोला. युरिया मारू की नको? मला शहाडला दोनची शिफ्ट आहे. आणि हे खाचर गेलं तर वर्षाचा भात गेला आमचा."

राजसीने चुडाचे तीन फोटो काढले. फोनमधल्या ॲपने चुटकीसरशी निकाल दिला: नत्र कमी, युरिया द्या. 'टाका' हा शब्द तिच्या ओठांवर आलाच होता, पण मन कुठेतरी अडलं.

"पिवळं सगळीकडे पडलंय की ठिकठिकाणी?"

"गोल गोल," सुजित म्हणाला. "मध्येच परातीएवढे डाग."

आता नत्र कमी असेल तर सगळं खाचर फिकं पडायला हवं. हे गोल कसले? तिने तेच फोटो तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. तिथे भूपेश सर होते, किडींचे जाणकार. दोन मिनिटांत त्यांनी उलट विचारलं: 'मुळं इतकी स्वच्छ कशी? बुंध्याला काही चिकटलं होतं का?'

राजसीने ताटलीकडे पाहिलं. मुळं खरंच पांढरीशुभ्र होती.

"मीच धुतलाय, बाय," गोजरबाई म्हणाल्या. "तुझ्या मोबाइलात फोटू जानार, मोठी मानसा बघनार. चिखलाचा कसा दावू?"

हसू दाबत राजसीने चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि सुजितच्या मागोमाग खाचरात उतरली. डागाच्या कडेचा एक चूड दोन्ही हातांनी फाकवून ती वाकली. पाण्यालगत, पार बुंध्याशी, तपकिरी तुडतुडे दाटीवाटीने बसले होते. चूड हलवताच ते पाण्यावर पडून सैरावैरा पळायला लागले. तिला खाचराची काळजी वाटली आणि खरं सांगायचं तर कारण सापडल्याचा आनंदही झाला. तिने व्हिडिओ पाठवला.

भूपेश सरांचा फोनच आला. "आजच्या आज पाणी काढा. युरिया चिमूटभरही नको, त्याने तुडतुडे आणखी माजतील. औषध आणि प्रमाण लिहून पाठवतो. फवारा बुंध्यावर मारायचा, वरवर नाही."

"म्हणजे ॲप फेकत होतं?" सुजितने विचारलं.

"आपण दाखवलं तेवढंच त्याने पाहिलं." पुढचं बोलावं की नको, असं राजसीला झालं. लाज वाटत होती, पण गप्प बसवेना. "सुजितदादा, मीसुद्धा 'टाका' म्हणणारच होते. अगदी तोंडाशी आलं होतं."

सुजितने फावडं उचललं. त्याने बांध फोडला, पाणी ओढ्याकडे धावायला लागलं. मग त्याने हात लेंग्याला पुसले आणि फोन काढला.

"आमच्याकडे आतापर्यंत चार साहेब येऊन गेले," तो म्हणाला. "चुकत होतो, असं एक पण बोलला नाही. नंबर द्या, मॅडम. ऑफिसचा नको, तुमचा."