मटारच्या पिशवीतली लस

मी बोलतेय, लसीची एक कुपी. बोटाएवढी उंची, पोटात पांढुरकं औषध. मुलींना पुढे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून माणसांनी मला घडवलं.

जन्मापासून मी गारव्यातच. कारखान्यातून निघाले, विमानात बसले, जबलपूरला ओमतीतल्या औषधाच्या दुकानात आले. सगळीकडे बेताची थंडी.

तिथून मला ज्योतीबाईंनी घेतलं. मदन महलला घर, नवरा फॅक्टरीत, मुलगी आर्या चौदाची. खरं तर सरकारी दवाखान्यात या वयाच्या मुलींना लस फुकट देऊन राहिले. पण रांगेत सगळी ओळखीची माणसं. कुणी विचारलं असतं, काहून, घरात कोणाला झालं होतं का? नणंद कुमुद याच दुखण्यानं गेली होती, अन् घरच्यांनी जगाला पोटाचा आजार सांगितला होता. गेलेल्या बाईची अब्रू जपण्यात माणसं फार हुशार.

दुकानदारानं बजावलं होतं, थंड ठेवा. फ्रिजच्या कप्प्यात मी सासऱ्यांच्या नजरेला पडले असते, अन् लेकीचं झाकलेलं दुखणं पुन्हा निघालं असतं. इकडे हिवाळ्यात घरोघरी मटार सोलून वर्षाचा साठा फ्रीजरमध्ये भरतात. ज्योतीबाईंनी त्यातल्याच एका पिशवीत मला खुपसलं. जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं, असं वाटलं बिचारीला.

आधी थंडी टोचली. मग काहीच वाटेना. अजूनही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नर्सनं मला उजेडात धरलं, तर औषधात गुठळ्या दिसल्या. "दीदी, फ्रीजर में रखा था क्या?"

ज्योतीबाईंनी होय म्हणून मान हलवली. गोठलेली लस बाद होते, टोचता येत नाही, असं नर्सनं सांगितलं. आर्यानं वर केलेली बाही हळूच खाली घेतली.

लपवण्यापायीच मी वाया गेले, हे ज्योतीबाईंना उमगलं. मग तिथूनच शेजारच्या राधाबाईंना फोन लावला. कॉलनीत कुणाकडे काय शिजलं हे ठाऊक असणाऱ्या राधाबाईंना.

"सरकारी दवाखान्यात येता का, आर्याच्या लसीला? कुमुदताईंना पोटाचं नव्हतं हो. हाच कॅन्सर होता."

पलीकडून राधाबाई म्हणाल्या,

"मला माहीत होतं गं. तू कधी सांगते, वाट पाहून राहिली होती. चल, आमच्या यामिनीलाही घेते, तीही चौदाचीच."

आर्या आईची पिशवी उचलून दाराशी उभी राहिली.

मी आता टाकाऊ औषधांच्या डब्यात जाईन. हळहळू नका, मला काही वाटत नाही. माझ्या बहिणी दवाखान्यात बेताच्या थंडीत बसल्यात. तेवढं त्यांच्याकडे पोरींना घेऊन जा, दिवसाउजेडी.